पुन्हा म्हण

विट्यात, टायरच्या दुकानावरच्या खोलीत
उन्हाळ्याचे अडीच महिने मी एक साइट बांधत होतो.
त्रिचूर, कुंभकोणम, सिलचर,
जिथं जिथं आपली गलाईची माणसं गेली
तिथं वाढलेल्या त्यांच्या पोरांसाठी,
ज्यांच्या कानात मराठी आहे आणि तोंडात नाही.

मास्तर नाही, घंटा नाही, हजेरी नाही.
रात्री भट्टी विझल्यावर ज्याला जमेल त्यानं यावं,
हवं ते उचलावं, जावं.
एवढंच ठरलं होतं.

पहिला धडा मी रीतीप्रमाणे लिहिला:
हे घर. ही गाय. तो आंबा.
वर्गणी सावळाराम झांबऱ्यांची.
चाळीस वर्षं त्रिचूरला सोनं गाळून परत आलेले.
चष्मा कपाळावर चढवून म्हणाले,
"माझ्या नातवाला गाय दिसती रं.
गावात उतरला की बाया इचारत्यात, कवा आलास?
आन् ह्यो हसतो.
धा दिस नुसता हसतो, आन् जातो."

मी गाय काढली.

तिथं बटण ठेवलं: कवा आलास?
खाली उत्तरं.
आज सकाळी. परवाच. झाले की चार दिवस.
आणि शेवंताकाकूंनी घालायलाच लावलेलं एक:
आलोय न्हवं, आता जेवाय वाढ.

आवाजही काकूंचाच.
ज्वारी पाखडता पाखडता बोलल्या,
मागं सुपाची सरसर राहिली.
काढता आली असती.

पुण्याच्या बाईंनी तपासून कळवलं,
'कवा' नको, 'केव्हा' हवं;
मुलं उद्या परीक्षेला बसली, अर्ज लिहायला बसली, तर?
दोन दिवस मी त्यांच्यावर चिडून होतो.
तिसऱ्या दिवशी पटलं, अर्धं.
आता शेजारी शेजारी दोन दारं आहेत,
'गावात' आणि 'कचेरीत'.
आधी कुठल्यातून शिरायचं ते मी सांगत नाही.
('गावात'ची अक्षरं जरा मोठी आहेत, कबूल.)

चुकलं की लाल फुली यायची.
फुली आली की माणूस जायचा,
पुन्हा फिरकायचा नाही.
फुली पुसली. लिहिलं, पुन्हा म्हण.
अनोळख्याला अरेतुरे कसं करावं म्हणून
'पुन्हा म्हणा' करून पाहिलं;
दवाखान्यातल्या पाटीसारखं दिसलं.
'म्हण'च ठेवलं.

आमच्या लोकांना केराचा तिटकारा नाही.
सराफाच्या पेढीतली झाडलोट विकत घेतात,
जाळतात, धुतात, मुशीत घालतात,
कण निघतो.
रोज सकाळी चहा घेत मी साइटचा केर बघतो,
कोण आलं, कुठं अडलं,
कशावर बोट ठेवून न दाबताच गेलं.

परवाच्या केरात हे होतं.
सिलचर, रात्री पावणेदोन, नाव नाही.
शब्द एकच: मळा.
तिकडच्या बोलीत ळ नाही, जीभ वळत नाही.
माइक चालू, मागं पंखा,
आणि जाड, दमलेला एक आवाज:
मला.
पुन्हा म्हण.
मला.
पुन्हा म्हण.
मला. मला. मला.

मोजलं, एकतीस वेळा.
मध्ये एकदा पाणी पिल्याचा आवाज.
मी हेडफोन काढून ठेवला,
खाली कुणीतरी ट्यूब बुडवून पंक्चर शोधत होतं.
परत लावला.
बत्तिसाव्याला ल आणि ळ यांच्या बांधावर
काहीतरी अडखळलं,
आणि त्यानं पान मिटलं.

दुपारी झांबरेअण्णांना ऐकवलं.
ऐकवावं का, ते अजून कळत नाही.
बराच वेळ ते फोनकडे बघत राहिले.
"कुणाचं पोरगं?"
नाव नाही अण्णा, आपण नाव विचारतच नाही.
"मग मळा कंचा, त्ये तरी इचार."

तशी सोय
अजून साइटवर नाही.